परवाना क्रमांक एक

रोहणा (जि. वर्धा) : बारावी विज्ञान शाखेचा निकाल लागला की गावागावांत एकच प्रश्न ऐकू येतो. पुढे काय? आर्वी तालुक्यातील रोहणाही त्याला अपवाद नाही. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या या भागात वर्षानुवर्षे या प्रश्नाची उत्तरे ठरलेली होती. डीएड, अभियांत्रिकी, नाहीतर स्पर्धा परीक्षा. गेल्या काही वर्षांत त्यात एका उत्तराची भर पडली आहे, ती म्हणजे वैमानिक. नागपूर हे देशाच्या मध्यावर असल्याने वर्धा जिल्ह्याच्या आकाशातून दिवसभर विमाने जात-येत असतात. शेतात उभे राहून मान वर करणाऱ्या मुलाला त्या पांढऱ्या रेषेचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच आहे. घरच्यांना मात्र धास्ती असते ती खर्चाची, धोक्याची आणि नोकरीच्या शाश्वतीची. हौस म्हणून ठीक, पण पोटापाण्यासाठी विमान चालवायचे का?

हाच प्रश्न नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतील एका तरुणापुढे उभा राहिला होता. त्याच्यापाशी पैशांची ददात नव्हती, हिंमतही होती आणि देशात कोणापाशी नव्हता असा वैमानिकाचा परवानाही होता. तरीही त्याला हा निर्णय सोपा गेला नाही. तो तरुण म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, अर्थात जेआरडी. भारतीय नागरी विमान वाहतुकीचे जनक म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. उद्योगपती म्हणून त्यांच्यावर विपुल लिहिले गेले आहे. परंतु वैमानिक म्हणून त्यांनी काय स्वीकारले आणि काय सोडले, याची कहाणी आज या वाटेवर पाऊल टाकू पाहणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे.

समुद्रकिनाऱ्यावरचे विमान

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांचे जवळचे आप्त आणि व्यवसायातील भागीदार, तर आई सुझान ब्रिएर फ्रेंच. विवाहानंतर त्यांचे नाव सुनी ठेवण्यात आले. टाटा घराण्याचा आणि विदर्भाचा संबंध तोवर जुना झाला होता. कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी हवी, या विचाराने जमशेटजींनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली होती. घराण्याच्या उद्योगाचा पाया असा याच काळ्या मातीच्या पट्ट्यात घातला गेला.

जहांगीरचे बालपण मात्र पॅरिस, मुंबई आणि जपानमधील योकोहामा असे विखुरलेले होते. उन्हाळ्याच्या सुटीत टाटा कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो येथे राहायला जाई. तेथे शेजारी होते लुई ब्लेरिओ. २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे हेच ते ब्लेरिओ. त्यांच्यासाठी उडणारे वैमानिक त्या किनाऱ्याच्या वाळूवर विमान उतरवीत. आकाशातून एखादे यंत्र आपल्या डोळ्यांदेखत जमिनीवर येऊन टेकते, हे दृश्य त्या मुलाच्या मनावर कायमचे कोरले गेले. पंधराव्या वर्षी तेथेच त्याने पैसे मोजून विमानातून एक छोटी फेरी मारली. आपण वैमानिक व्हायचे, हे त्याने त्याच दिवशी मनाशी पक्के केले.

पण मनाशी ठरविणे आणि प्रत्यक्षात येणे यांत दहा वर्षांचे अंतर पडले. १९२३ मध्ये आईचे क्षयाने निधन झाले. फ्रेंच नागरिक असल्याने १९२४ मध्ये जेआरडींना सक्तीच्या लष्करी सेवेत जावे लागले. स्पाही या घोडदळात त्यांनी वर्षभर काढले. सेवा आणखी वाढवावी असा त्यांचा विचार होता, परंतु वडिलांनी त्यास नकार दिला. पुढे त्यांच्या त्याच तुकडीची मोरोक्कोतील लढाईत वाताहत झाली. वडिलांच्या नकारामुळे ते वाचले. केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकण्याची त्यांची इच्छाही वडिलांच्याच आज्ञेमुळे अपुरी राहिली. डिसेंबर १९२५ मध्ये ते मुंबईत टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. जॉन पीटरसन या माजी सनदी अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांनी कामकाजाचे धडे गिरविले. १९२६ मध्ये वडीलही गेले आणि अवघ्या बाविसाव्या वर्षी चार भावंडांची जबाबदारी व टाटा सन्सचे संचालकपद त्यांच्या खांद्यावर आले.

पदवी नाही, आईवडिलांचे छत्र नाही, घरावर कर्जाचा भार. अशा अवस्थेतील तरुणाने विमानाचे वेड डोक्यात घेणे शहाणपणाचे ठरले नसते. जेआरडींनी ते वेड सोडले नाही, पण त्यासाठी कामही सोडले नाही.

पहिला परवाना

१९२८-२९ च्या सुमारास सरकारच्या उत्तेजनाने देशात फ्लाइंग क्लब सुरू झाले. मुंबईच्या क्लबाचे उड्डाण जुहूहून होई. जुहूचा विमानतळ म्हणजे त्या वेळी समुद्रालगतचे सपाट मैदान होते. जेआरडींनी तात्काळ नाव नोंदविले. शिक्षकासोबत चार तासांहूनही कमी उड्डाण झाले असता त्यांना एकट्याने विमान नेण्याची परवानगी मिळाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना देण्यात आला. भारतात प्रशिक्षण घेऊन पात्र ठरलेला पहिला वैमानिक म्हणून त्यावर क्रमांक पडला एक. आयुष्यात मिळालेल्या सर्व मानसन्मानांत या छोट्या निळ्या पुस्तिकेइतका आनंद आपल्याला कशानेच दिला नाही, असे ते पुढे आवर्जून सांगत.

त्याच वर्षी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर एकट्याने उडून ठराविक मुदतीत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होते. तिघे जण पुढे आले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. अस्पी तेव्हा सतरा वर्षांचा होता. आर. एन. चावला यांच्यासोबत तो नुकताच भारतातून विमानाने इंग्लंडला पोहोचला होता आणि एकट्याने परत निघाला होता. जेआरडी मे १९३० च्या आरंभी कराचीहून इंग्लंडच्या दिशेने निघाले. दोघांपाशीही जिप्सी मॉथ जातीची उघडी, एका इंजिनाची विमाने होती. रेडिओ नाही, वाटाड्या नाही. खाली दिसणारी नदी, रेल्वेचे रूळ आणि मांडीवरचा नकाशा एवढाच आधार.

इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या इंजिनाचे स्पार्क प्लग खराब झाले होते आणि तो सुट्या भागांची वाट पाहत अडकून पडला होता. जेआरडींपाशी जादा प्लग होते. त्यांनी ते काढून दिले. प्रतिस्पर्धी असूनही दिले. अस्पीने कृतज्ञतेने आपले समुद्रावरील सुरक्षा जाकीट त्यांना दिले आणि दोघे विरुद्ध दिशांना निघून गेले. अस्पी कराचीला पोहोचला, तेव्हा जेआरडींना लंडन गाठायला अवघे काही तास उरले होते. मनमोहन सिंग मुदतीबाहेर गेल्याने बक्षीस अस्पीला मिळाले.

या स्पर्धेचा पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. उड्डाणालाच आयुष्य मानायचे, असा निर्णय अस्पीने घेतला. तो क्रॅनवेलच्या हवाई प्रशिक्षण संस्थेत दाखल झाला, नव्याने उभ्या राहणाऱ्या भारतीय हवाई दलात अधिकारी झाला आणि १९६० मध्ये हवाई दलप्रमुख झाला. विजयामुळे अस्पीची वाट मोकळी झाली, याचे जेआरडींना अखेरपर्यंत समाधान होते. जेआरडी स्वतः मात्र मुंबईला परतले आणि बॉम्बे हाऊसमधील आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

दोन लाखांचा जुगार

त्या टेबलावर एक प्रस्ताव आला होता. नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला धाडसी वैमानिक भारतभर हवाई सफरी घडवीत हिंडत होता. इम्पिरियल एअरवेजचे लंडनहून निघणारे टपाल विमान १९२९ पासून कराचीपर्यंत येऊ लागले होते. तेथून पुढे मुंबई-मद्रासकडे टपाल रेल्वेनेच जाई आणि त्यात कित्येक दिवस मोडत. कराचीहून हे टपाल विमानाने दक्षिणेत न्यावे, अशी व्हिन्सेंटची कल्पना होती. जेआरडींना ती पटली. परंतु टाटा समूहाचे प्रमुख सर दोराबजी टाटा वयोवृद्ध आणि आजारी होते. या नव्या धंद्यात पैसे घालण्यास ते सहजी तयार नव्हते. पीटरसन यांनी त्यांची समजूत घातली. भांडवल लागणार होते सुमारे दोन लाख रुपये. टाटांच्या मानाने ही रक्कम मोठी नव्हती, पण हा धंदा चालेल असे छातीठोकपणे सांगणारा कोणी नव्हता.

सरकारकडे अनुदान मागितले गेले, ते नाकारण्यात आले. पत्रव्यवहारात तीन वर्षे गेली. अखेर अनुदानाविना, केवळ वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला या अटीवर एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. दोन पुस मॉथ विमाने विकत घेण्यात आली. वैमानिक तीन होते. व्हिन्सेंट, होमी भरुचा आणि स्वतः जेआरडी.

सप्टेंबरमध्ये ठरलेला आरंभ पावसामुळे महिनाभर लांबला. १५ ऑक्टोबर १९३२ च्या पहाटे जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकट्याने उड्डाण केले. सोबत होते सुमारे पंचवीस किलो टपाल. अहमदाबादला इंधन घ्यायचे होते. ते डबे भरून बैलगाडीवर लादून आणण्यात आले. जगातील अत्याधुनिक वाहनाला इंधन पुरविण्यासाठी जगातील सर्वांत जुने वाहन धावून आले होते. वर्ध्याच्या कापूस बाजारात बैलगाड्यांच्या रांगा पाहिलेल्या माणसाला या दृश्याचे नवल वाटणार नाही. दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले.

भारतातील पहिली नियमित देशी विमानसेवा अशी सुरू झाली. तिच्यापाशी ना कार्यालय होते, ना दिवे, ना हवामानाचा खात्रीचा अंदाज. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या चार महिन्यांसाठी सगळा कारभार पुण्याला हलविला जाई. अशा स्थितीतही पहिल्या वर्षी टपाल वेळेवर पोहोचविण्याचे प्रमाण शंभर टक्के राहिले. डोंगर-दऱ्यांवरून, पावसातून, दिशादर्शक यंत्रणेशिवाय हे साध्य झाले, याची सरकारी अहवालातही दखल घेतली गेली. पहिल्या वर्षाचा नफा होता सुमारे साठ हजार रुपये.

न घेतलेला पेशा

येथपर्यंतची कहाणी ऐकून कोणालाही वाटेल की या तरुणाने आता वैमानिकाचाच पेशा पत्करावा. तसे घडले नाही. सेवा वाढू लागली तशी रोजची उड्डाणे पगारी वैमानिकांकडे गेली. त्यांच्या पगाराची, विमानांच्या देखभालीची, नव्या मार्गांची आणि सरकारी परवानग्यांची चिंता जेआरडींकडे राहिली. जुलै १९३८ मध्ये सर नवरोजी सकलातवाला यांचे अचानक निधन झाले आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, कापड, रसायने अशा अवाढव्य पसाऱ्याची सूत्रे हाती आली आणि वैमानिक म्हणून नोकरी करण्याचा प्रश्न कायमचा मिटला.

मिटला तो पेशाचा प्रश्न. उड्डाण मिटले नाही. ते सवड मिळेल तेव्हा स्वतः विमान चालवीत राहिले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपण जे होऊ शकलो नाही ते दुसऱ्यांना होता यावे, अशी व्यवस्था त्यांनी उभी केली. त्यांच्या आधी भारतीय मुलाला प्रवासी विमानाचा वैमानिक व्हायचे असते, तर नोकरी देणारे कोणी देशी नव्हतेच. त्यांच्यानंतर तशी नोकरी, तसे प्रशिक्षण आणि त्या पदाची प्रतिष्ठा निर्माण झाली. हा वाटा त्यांच्या स्वतःच्या उड्डाणाच्या तासांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

२९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सचे रूपांतर एअर इंडिया या सार्वजनिक कंपनीत झाले. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. जेआरडी स्वतः प्रवाशांत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तीन वर्षांच्या आत एक आशियाई कंपनी युरोपला नियमित सेवा देऊ लागली होती.

नागपूरची मध्यरात्र

याच सुमारास विदर्भाचा हवाई नकाशावर ठळकपणे प्रवेश झाला. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांनी रात्रीच्या टपाल विमानांची योजना आणली. जानेवारी १९४९ च्या अखेरीस ती सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी माघारी फिरत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्यात पोहोचू लागले. नागपूरकरांच्या एका पिढीला मध्यरात्रीची ती घरघर चांगलीच परिचयाची होती.

जेआरडींचा या योजनेला विरोध होता, हे आज थोड्यांना ठाऊक असेल. विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणासाठी पुरेशी साधने नाहीत आणि कंपन्यांची आर्थिक स्थिती आधीच बिकट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या डकोटा विमानांच्या जोरावर अनेक कंपन्यांना परवाने दिले गेले होते आणि त्यांतील कित्येक डबघाईला आल्या होत्या. सरकारने योजना रेटली. ती पुढे अनेक वर्षे चालली आणि लोकप्रियही झाली. या एका बाबतीत काळाने जेआरडींची भीती पूर्णतः खरी ठरविली नाही. कंपन्यांच्या अर्थकारणाबाबतचा त्यांचा इशारा मात्र अचूक निघाला. १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. आपल्याशी पुरेशी चर्चा न करता हे झाल्याचे जेआरडींना दुःख झाले, तरी एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. आपण उभे केलेले काम इतरांच्या हाती बिघडू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढील पंचवीस वर्षे त्यांनी ते विनावेतन सांभाळले.

गणवेशाची किंमत

वैमानिकाच्या गणवेशाचे आकर्षण सर्वांनाच असते. त्याची किंमत काय असते, हे जेआरडींच्या कारकिर्दीतील काही दिवसांनी दाखवून दिले. ज्या मलबार प्रिन्सेसने लंडनची वाट उघडली, तेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधील माँट ब्लांक शिखरावर आदळले आणि ४८ जण मृत्युमुखी पडले.

११ एप्रिल १९५५ रोजी काश्मीर प्रिन्सेस हे विमान हाँगकाँगहून इंडोनेशियाकडे निघाले होते. बांडुंग परिषदेसाठी जाणाऱ्या चिनी शिष्टमंडळाने ते भाड्याने घेतले होते. चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांना लक्ष्य करून त्यात बॉम्ब ठेवण्यात आला होता. ते त्या विमानात नव्हते. दक्षिण चिनी समुद्रावर स्फोट झाला. कॅप्टन डी. के. जटार या मराठी वैमानिकाने पेटलेले विमान समुद्रावर उतरविण्याची शिकस्त केली. विमानातील १९ जणांपैकी १६ जण दगावले, त्यांत स्वतः जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी होत्या. देखभाल अभियंता कर्णिक, सहवैमानिक दीक्षित आणि दिशादर्शक पाठक हे तिघेच वाचले. शेवटच्या क्षणापर्यंत जटार यांनी आपली जागा सोडली नाही. असामान्य धैर्यासाठी या कर्मचाऱ्यांचा अशोक चक्राने गौरव झाला.

२४ जानेवारी १९६६ रोजी कांचनजंगा हे बोइंग विमान पुन्हा माँट ब्लांकवरच कोसळले. ११७ जण मृत्युमुखी पडले, त्यांत डॉ. होमी भाभाही होते. १ जानेवारी १९७८ रोजी एम्परर अशोक हे जम्बो जेट मुंबईहून उडाल्यावर काही मिनिटांतच वांद्र्याजवळ समुद्रात पडले आणि २१३ जणांना जलसमाधी मिळाली. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. ४५ वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी सुरू केलेल्या संस्थेतून ते असे बाहेर पडले. १९८० मध्ये इंदिरा गांधी यांच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर पुन्हा घेतले, पण अध्यक्षपद परत आले नाही.

अपघातांची ही यादी भीती घालण्यासाठी दिलेली नाही. त्या काळाच्या तुलनेत आजचा विमानप्रवास कितीतरी सुरक्षित झाला आहे. पण जेआरडींनी शिस्तीचा जो आग्रह धरला, त्याचे कारण या घटनांतून कळते. विमानप्रवासात ते सतत टिपणे काढीत. आसनाचा तुटलेला कप्पा, अस्वच्छ काउंटर, थंड झालेला चहा यांतले काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. प्रसाधनगृह अस्वच्छ दिसले तर स्वतः पुसून घेण्यासही त्यांनी कमीपणा मानला नाही. जो माणूस एकट्याने विमान चालवितो, त्याला बारीकशी हयगय कुठवर नेऊ शकते हे पक्के ठाऊक असते.

आजची वाट

आज वैमानिक होण्याची वाट अधिक आखीव आहे. बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय हवेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते. हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र अशा विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते. नागपूरचा फ्लाइंग क्लब आणि गोंदियाजवळील बिरसीचा विमानतळ यांमुळे विदर्भातील मुलांना या क्षेत्राची ओळख घराजवळ होऊ लागली. सर्वांत मोठा अडसर खर्चाचा. विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणासह हा आकडा अर्ध्या कोटीच्या पुढे जातो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम शेत गहाण ठेवूनच उभी राहू शकते.

शिवाय परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळालीच, असे नाही. २०१२ मध्ये किंगफिशर आणि २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिकही घरी बसले. २०२० च्या करोना साथीत जगभरची विमाने जमिनीवर उभी राहिली. हा धंदा तेजी-मंदीच्या लाटांवर चालतो. त्यामुळे कर्ज काढण्यापूर्वी दोन गोष्टी तपासून घेणे इष्ट. वैद्यकीय तपासणी सर्वांत आधी करून घ्यावी. दृष्टी, श्रवण किंवा हृदयाचा एखादा दोष शेवटी उघडकीस आला, तर सगळा खर्च वाया जातो. दुसरे म्हणजे नोकरी दोन-तीन वर्षे लांबली तर हप्ते कसे फेडणार, याचा हिशेब कागदावर मांडावा.

जेआरडींच्या आयुष्यातून तिसरी गोष्ट घेता येते. त्यांनी वेड आणि कर्तव्य यांत एकाचा बळी दिला नाही. परवाना मिळाला म्हणून कचेरी सोडली नाही आणि कचेरी मिळाली म्हणून आकाश सोडले नाही. अस्पी इंजिनिअर यांनी उड्डाणालाच आयुष्य केले आणि ते सर्वोच्च पदावर गेले. जटार यांनी ते पेशा म्हणून पत्करले आणि त्यासाठी प्राण दिले. व्हिन्सेंट १९४२ मध्ये युद्धकाळातील हवाई प्रवासातच गेले. चौघांच्या वाटा वेगळ्या, पण त्यांतील एकही केवळ गणवेशाच्या रुबाबासाठी आकाशात गेला नव्हता. विमान वाहतुकीच्या क्षेत्रात अभियंता, हवाई वाहतूक नियंत्रक, हवामानतज्ज्ञ, व्यवस्थापक असेही अनेक रस्ते आहेत. ज्याला आकाशाचे वेड आहे, त्याने चालकाच्या आसनावरच बसले पाहिजे असे नाही, हे तर परवाना क्रमांक एकच्या धन्यानेच दाखवून दिले.

पुन्हा एकदा कराची-मुंबई

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली होती. जेआरडींचे वय होते ७८. जुन्या धाटणीच्या लेपर्ड मॉथ विमानात बसून ते कराचीहून एकट्याने निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. १९६२ मध्ये तिसाव्या वर्धापनदिनीही त्यांनी हेच केले होते. अध्यक्षपदावरून दूर झाल्याला चार वर्षे लोटली होती. देशात निराशेचे वातावरण असताना तरुणांमध्ये पुन्हा थोडी उमेद यावी, यासाठी आपण हे उड्डाण केले, अशी त्यांची भावना होती.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न किताब देण्यात आला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसमधील पेर लाशेझ दफनभूमीत, जन्मगावीच, त्यांना चिरविश्रांती मिळाली. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली. ते पाहायला जेआरडी नव्हते.

रोहण्याहून पुलगावला धावणारी नॅरोगेज गाडी बंद पडून बरीच वर्षे झाली. बैलगाड्याही कमी झाल्या. आकाशातील पांढऱ्या रेषा मात्र वाढत आहेत. यंदाच्या निकालानंतर या भागातील एखादे मूल वैमानिक होण्याचा हट्ट धरील. तेव्हा घरच्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये आणि डोळे मिटून मान्यही करू नये. आधी डॉक्टरकडे न्यावे, मग बँकेत जावे आणि त्यानंतर त्याला एकदा नागपूरच्या विमानतळापाशी उभे करावे. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा.